समासातलं बोलणं

संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ झी टीव्हीवर सुरू झाला तो 1993च्या जानेवारीत. आदल्याच वर्षी उज्जैनचा सिंहस्थ आटोपला होता, घराघरांत उतरलेले पाहुणे आपापल्या गावी परतले होते आणि फ्रीगंजच्या गल्ल्यांत गच्च्यांवरून केबलच्या काळ्या वायरी ओढल्या जात होत्या. टीव्ही बहुतेकांकडे होता, पण केबल आमच्या गल्लीत आधी आली ती आमच्याकडे. कार्यक्रमाची वेळ झाली की समोरच्या काकू, वरच्या मजल्यावरच्या भाभीजी आणि शेजारच्या आंटी आमच्या बैठकीत येऊन बसत. आई गॅस बंद करून, पदराला हात पुसत सगळ्यांत शेवटी यायची. माझं अक्षर बरं होतं आणि हातही भराभर चालायचा, म्हणून पडद्यावरची कृती वहीत लिहायचं काम माझ्याकडे असे.

आज त्या चौघींपैकी फ्रीगंजमध्ये कुणीच राहिलेलं नाही. काकू आधी गेल्या. आंटी मुलाकडे बडोद्याला गेल्या आणि तिथेच वारल्या. भाभीजी इंदूरला आहेत. आई 2021च्या एप्रिलमध्ये गेली. वही माझ्याकडे पुण्याला आहे.

फ्रीगंज म्हणजे रेल्वेलाइनीच्या अलीकडचं उज्जैन. पुलापलीकडे जुनं शहर: महाकाळ, बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं गोपाळ मंदिर, पटनी बाजार, क्षिप्रेचे घाट. अलीकडे टॉवर, रुंद रस्ते, बँका, दवाखाने आणि बदलीच्या नोकऱ्यांवर आलेली माणसं. दौलतराव शिंद्यांनी 1810मध्ये राजधानी ग्वाल्हेरला हलवली, तरी शिंद्यांबरोबर माळव्यात आलेली मराठी घरं सगळीच उठून गेली नाहीत. काकूंचं सासर त्यांतलं. भाभीजी जैन, आंटी सिंधी. आंटींच्या सासऱ्यांनी फाळणीनंतर इथे येऊन कापडाचं दुकान टाकलं होतं. चौघींची स्वयंपाकघरं चार तऱ्हांची. एरवी एकमेकींकडे वाटीभर भाजी जायची, सणाला ताट जायचं, पण ती भाजी कशी केली हे सविस्तर बोलायला निमित्त लागतं. ते निमित्त टीव्हीने दिलं.

पुस्तकं काही नव्हती असं नाही. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ घरात होतीच. 1970मध्ये निघालेल्या त्या पुस्तकाने वाटी आणि चमचा ही घरातलीच मापं वापरली, म्हणून नव्याने संसार मांडणाऱ्या मुलींना ते परक्या गावीही उपयोगी पडलं. आईच्या प्रतीची पानं हळदीने पिवळी झालेली होती. पण पुस्तक आपण एकटे वाचतो, आणि पटलं नाही तर पान उलटतो. टीव्हीसमोर चौघी एकत्र बसलेल्या असत. पटलं नाही की ते तिथल्या तिथे बोललं जाई. पडद्यावरच्या माणसाला ते ऐकू जात नसे, शेजारी बसलेल्या तिघींना मात्र जात असे.

लिहिण्याची एक रीत ठरून गेली होती. साहित्य मी उतरवायचं. मापं काकूंनी बोटांवर धरून ठेवायची, कारण छोटा चमचा की मोठा हे माझ्या हमखास निसटे. कृतीकडे भाभीजींनी बघायचं. गॅसची आच किती, परतताना रंग कुठवर आला, यावर आईची नजर. कार्यक्रम संपला की टीव्ही बंद व्हायचा आणि मी लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायचो. मग खरं काम सुरू होई. प्रत्येकीकडे थोडं थोडं असे, पूर्ण कुणाकडेच नसे. ते जुळवताना तासभर सहज जाई आणि त्यात पदार्थ बदलून जाई. मी लिहिलेली कृती पानाच्या मधोमध राहिली. चौघींच्या दुरुस्त्या आईने नंतर आपल्या बारीक, डावीकडे झुकलेल्या अक्षरात समासात लिहिल्या. दुरुस्तीपुढे ती कुणाची, तेही.

संजीव कपूर यांचा नावाजलेला पदार्थ म्हणजे ‘शाम सवेरा’. पालकाच्या हिरव्या गोळ्याच्या पोटात पांढरं पनीर, तळून मधोमध कापलेला, आणि खाली टोमॅटोची लाल ग्रेव्ही. आमच्या गल्लीने हा पदार्थ फार मनावर घेतला होता. पहिल्यांदा केला तेव्हा कोफ्ते तेलात पडताच फुटले आणि कढईत हिरवा चुरा तरंगू लागला. तेल उडून आईच्या मनगटावर फोड आला. चौघींनी मिळून त्याचा छडा लावला. त्या पानाचा समास असा आहे: “पालक उकळून फडक्यात पिळा, पाणी राहिलं की फुटतो – काकू.” खाली, “कॉर्नफ्लोअर कमी, बेसन कोरडं भाजून घाला, खमंगही लागतं – आंटी.” त्याखाली, “कांदा-लसूण नाही. हिंग दुप्पट. काजूऐवजी मगज वाटून. मधाऐवजी साखर. चातुर्मासात करू नये – भाभीजी.” भाभीजींच्या घरी जमिनीखालचं काही चालत नसे, मध वर्ज्य होता आणि चातुर्मासात पालेभाजी बंद. पाचतारांकित हॉटेलातून निघालेला पदार्थ एका जैन घरात कसा शिजेल, याचा पुरा हिशेब त्या चार ओळींत आहे. आणि सगळ्यांत खाली आईचं: “पहिला एकच तळून बघावा.” तिच्यापुढे नाव नाही. आपल्या दुरुस्तीपुढे तिने नाव कधीच लिहिलं नाही, आणि आज वहीतली बिननावाची ओळ दिसली की ती आईची, हे मला कळतं.

समासात पाण्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. उज्जैनचं पिण्याचं पाणी गंभीर धरणाचं. उन्हाळ्यात ते खाली गेलं की नळ रोजचा येईनासा होई आणि घरोघर बोअरचं पाणी वापरात येई. त्या जड पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. कितीही शिट्ट्या काढा, दाणा दाताखाली येतोच. टीव्हीवरच्या पाककृतीला हे माहीत असायचं कारण नाही. वहीत मात्र जिथे जिथे डाळ आहे तिथे आईने लिहिलं आहे, “नळाचं पाणी जपून ठेवावं, बोअरचं नको.” गव्हाचंही तसंच. बाफल्यांसाठी जाडसर दळलेली कणीक घट्ट मळायची, गोळे उकळत्या पाण्यात सोडायचे, ते वर तरंगले की काढून फडक्यावर कोरडे करायचे आणि मग भाजायचे. याला आईची पुस्ती: “नवा गहू असेल तर पाणी कमी घेतो.” शेतीच्या पुस्तकात हे कुठेतरी असेल. आमच्या गल्लीला ते टीव्हीवरची कृती फसल्यावर चाललेल्या चर्चेतून कळलं.

मग 1999च्या 15 ऑगस्टला अल्फा मराठी सुरू झालं, तेच पुढे झी मराठी झालं. पुढच्या वर्षी ई-टीव्ही मराठी आलं. महाराष्ट्रात राहणाऱ्यांना या तारखांचं फारसं काही वाटणार नाही. आमच्यासारख्यांच्या घरात रोजच्या रोज मराठी बोलणारा टीव्ही ही तोवर न पाहिलेली गोष्ट होती. फ्रीगंजमधल्या मराठी घरांनी मिळून केबलवाल्याला गळ घातली तेव्हा त्या वाहिन्या आमच्याकडे दिसू लागल्या. पुढे प्रशांत दामले यांचं ‘आम्ही सारे खवय्ये’ आलं. त्यात आमच्या आईसारख्याच बायका येऊन आपापल्या घरचे पदार्थ करून दाखवत. आई आणि काकू ते डोळ्यांत प्राण आणून बघत. भाभीजी आणि आंटींसाठी आई सगळं हिंदीत सांगत जाई. त्यामुळे त्या काळातल्या पानांवर मराठी आणि हिंदी एकमेकींत मिसळून गेल्या आहेत.

या कार्यक्रमांनी आईला आनंद दिला आणि थोडं बेचैनही केलं. ओल्या काजूची उसळ, फणसाची सांदणं, सोलकढी हे पदार्थ मराठी म्हणून तिचेच होते, आणि तिने ते कधी चाखलेले नव्हते. आमसुलं पुण्याहून कुणी आणली तरच मिळत; नाहीतर आमचूर. नारळ देवापुढे फोडलेला, तोही जून. आणि जे तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं, ते टीव्हीवरच्या मराठी स्वयंपाकाशी जुळत नव्हतं. आमच्या आमटीवर कुणी ना कुणी बारीक शेव घालून घेई. पोह्यांवर जिरावनचा मसाला भुरभुरलेला असे. थंडीत गराडूचा कंद तळून त्यावर लिंबू पिळलं जाई. एक दिवस काकू म्हणाल्या, “अगं, आपण मराठी घरचं करतो तरी का काही?” आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आपण करतो ते आपल्या घरचं. आपलं घर इथं आहे.” माळव्यातल्या मराठी माणसाबद्दल याहून नेमकं बोललेलं मी कुठे ऐकलेलं नाही.

मराठी वाहिन्या आल्या त्याच सुमारास विजेने छळ मांडला होता. 1 नोव्हेंबर 2000ला छत्तीसगड वेगळा झाला, कोरब्याची वीजकेंद्रं तिकडे गेली आणि मध्य प्रदेशात तासन्‌तास बत्ती जाऊ लागली. 2003ची विधानसभा निवडणूक वीज, रस्ते आणि पाणी याच मुद्द्यांवर लढली गेली. आमच्या वहीत ही वीजकपात अर्धवट पानांच्या रूपाने उतरली आहे. साहित्य पूर्ण, कृती “आता गॅस मंद करून” इथवर आणि पुढे कोरं. बत्ती गेली की बायका ओटल्यावर येऊन बसत आणि पुढे काय होणार यावर बोलत. काकू म्हणत झाकण ठेवायला सांगितलं असेल. भाभीजी म्हणत छे, त्याने पाणी सुटेल. पुलापलीकडे कुणाची बहीण राहत असे, तिच्याकडे वीज असेल तर फोन करून विचारलं जाई. अनेकदा कुणालाच शेवट कळत नसे आणि चौघी आपापल्या अंदाजाने तो पदार्थ करत. दुसऱ्या दिवशी चार वाट्या आमच्या ओट्यावर ठेवलेल्या असत, आणि मला चव घेऊन सांगायचं असे की कोणता जमला. मी आईचा कधी सांगितला नाही. तिनेच मला तसं बजावलं होतं.

‘आम्ही सारे खवय्ये’ बघता बघता एक खेळ सुरू झाला. आपल्याला बोलावलं तर आपण काय करू? आंटी लगेच म्हणाल्या, साई भाजी. भाभीजी पापडाची भाजी म्हणाल्या, कारण ती भाजी आणायला न जाताही होते. काकूंनी पुरणपोळी म्हटलं आणि मग सांगितलं की नाही, कॅमेऱ्यापुढे माझी फाटेल. आईने विचार करायला दिवस घेतला आणि म्हणाली, “भुट्ट्याचा कीस.”

तो ती कसा करायची हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पावसाळ्यात कोवळी कणसं आली की ती जाड किसणीवर किसायची. दाणे काढून मिक्सरमधून फिरवलेले तिला चालत नसत. किसताना निघणारं दूध किसातच राहिलं पाहिजे, म्हणायची. जाड बुडाच्या पितळी पातेल्यात तूप, तुपात जिरं, हिंग, हिरवी मिरची. मग कीस. तो आधी ओला, पांढुरका असतो, आणि मंद आचेवर परतत राहिलं की हळूहळू पिवळा होत, सुटा होऊ लागतो. या टप्प्यावर दूध. पण दूध एकदम नाही. हबका मारल्यासारखं थोडं, ते आटलं की पुन्हा थोडं. उलथणं बुडाला खरवडत राहायचं. पातेल्याचा आवाज बदलतो, असं ती सांगे: ओला कीस असताना उलथण्याचा आवाज दबका येतो, झाला की खरखर येते आणि कडेला तूप सुटतं. तेव्हा मीठ, साखर, लिंबू. वर खोबरं, कोथिंबीर. भाभीजींच्या वाटीत खोबरं जास्त, आंटींच्या वाटीत मिरची जास्त.

हा पदार्थ वहीत नाही. टीव्हीवर दाखवलेलंच वहीत उतरवायचं, अशी रीत होती. घरचं रोजचं लिहून ठेवावं असं कुणाच्या मनात आलं नाही. नोकरीसाठी पुण्याला आल्यावर एका पावसाळ्यात मी तिला फोन करून विचारलं, आई, किसात दूध किती घालू? ती म्हणाली, “किती म्हणजे? कणीस कसं आहे ते मला इथून दिसतंय का? तू परतायला घे, फोन चालू ठेव, मला आवाज ऐकू दे.” मी फोन पातेल्याजवळ धरला आणि ती पलीकडून सांगत राहिली: अजून नाही, अजून नाही, आता घाल.

दरम्यान पाककृतींचा सुकाळ झाला. 2011मध्ये संजीव कपूर यांनी फूड फूड नावाची वाहिनीच काढली. पुढे मोबाइलवर हवी ती कृती हव्या त्या वेळी दिसू लागली. थांबवा, मागे न्या, पुन्हा बघा. माप निसटत नाही, शेवट अर्धवट राहत नाही. ‘शाम सवेरा’ची कृती आज कुणालाही मिनिटभरात मिळते, मी घाईत लिहिलेल्या कृतीपेक्षा कितीतरी नेटकी. हे चांगलंच झालं. पण आमच्या बैठकीतल्या बायका एकत्र आल्या त्या कुणालाच एकटीला सगळं टिपता येत नव्हतं म्हणून. एकीच्या वाट्याला माप, दुसरीच्या वाट्याला आच, तिसरीच्या वाट्याला रंग. जिला सगळंच एकटीला मिळतं तिला शेजारणीला विचारायचं कारण उरत नाही. आमच्या गल्लीतल्या सकाळ-दुपारच्या गप्पा कुठल्या भांडणाने थांबल्या नाहीत. केबल घरोघरी आली, मग मोबाइल आले, मुलं बाहेरगावी गेली, जुनी घरं पाडून तिथे दुकानं आणि फ्लॅट झाले, आणि बसायला जागा आणि कारण दोन्ही उरलं नाही.

आई गेली तो 2021चा एप्रिल सगळ्यांनाच आठवतो. दुसरी लाट होती. घरात माणूस गेलं की त्या दिवशी आपली चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो. आईने गल्लीतल्या कितीतरी घरी तो नेऊन दिला होता. तिच्या वेळी कुणी येऊ शकलं नाही. गेटच्या कडीला कुणीतरी डबा अडकवून गेलं, कोण ते कळलंही नाही. संध्याकाळी इंदूरहून भाभीजींचा फोन आला. त्या रडल्या, मीही रडलो. मग त्यांनी विचारलं, घरात काय आहे? मी म्हटलं, तांदूळ आणि मुगाची डाळ. त्या म्हणाल्या, “तो खिचडी चढ़ा दो बेटा. हींग ज़रा ज़्यादा डालना. और पानी नल का लेना, बोरिंग का नहीं, दीदी हमेशा कहती थीं.” फोनवरून त्या शेवटपर्यंत सांगत राहिल्या आणि मी खिचडी केली. सांत्वन करणाऱ्या कुणीही मला त्याहून मोठा आधार दिलेला नाही.

आता मी कीस करतो तेव्हा तो चांगला होतो, खाणारे तसं म्हणतात. आईच्या हातचा होत नाही, हे म्हणण्यात काही अर्थ नाही. कुणाच्याच आईच्या हातचं पुन्हा होत नसतं. मला उणीव भासते ती दुसऱ्याच गोष्टीची. पातेल्यापाशी उभा असताना “आता घाल” म्हणणारं कुणी नाही, आणि “नको, अजून ओला आहे” म्हणून त्यावर वाद घालणारंही कुणी नाही. पदार्थाला चव घेणारी माणसं लागतात तशी हरकत घेणारीही लागतात. आमच्या गल्लीतल्या चार बायकांनी एकमेकींच्या स्वयंपाकाला मनापासून हरकत घेतली, ती ऐकून घेतली आणि लिहून ठेवली. इतक्या वर्षांच्या त्या बैठकांतून त्यांनी माळव्यातलं पाणी, गहू, व्रतं आणि विजेची कटौती यांच्यासकट एक स्वयंपाकशास्त्र उभं केलं. त्याला कुणी पुस्तक म्हणणार नाही. मी म्हणतो.

त्या वहीच्या प्रती काढून मी भाभीजींना आणि काकूंच्या, आंटींच्या मुलींना पाठवल्या. भुट्ट्याचा कीस शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिला आणि त्याच्यापुढे, तिने कधी लिहिलं नव्हतं ते, “आई” असं लिहिलं.

तुमच्या घरी आई, मावशी, शेजारची काकू अजून ओट्यापाशी उभी राहत असेल, तर मोबाइलवरची पाककृती जरूर बघा, पण करायला घ्याल तेव्हा तिला शेजारी उभं करा. ती जे जे म्हणेल ते लिहून घ्या आणि कुणी म्हटलं ते पुढे लिहा. घरचे रोजचे पदार्थ आधी लिहा.